वाचकांचे प्रश्न : कुत्रा गळा काढून का रडतो?

प्रश्न : आम्ही दोघेही नोकरी करतो. सकाळी घराला कुलूप लावून निघालो की आमचा दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर गळा काढून रडतो, असे शेजारी सांगतात. आम्ही घरी असताना तो अगदी शहाण्यासारखा असतो. संध्याकाळी आल्यावर आम्ही त्याला रागावतो, पण काही उपयोग होत नाही. सोसायटीत तक्रार गेली आहे. त्याच्या तोंडाला जाळी बांधावी, की झटका देणारा पट्टा आणावा?
— एक वाचक दांपत्य, ठाणे

उत्तर : कृपया या दोन्हींपैकी काहीही करू नका. कुत्र्याच्या अंगाला आपल्यासारखा घाम येत नाही. तो मुख्यतः तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकतो आणि शरीर थंड ठेवतो. बंद घरात तोंड आवळून ठेवलेला कुत्रा उन्हाळ्यात काही मिनिटांत उष्माघाताने कोसळू शकतो. झटक्याच्या पट्ट्याने त्याच्या भीतीत वेदनेची भर पडते, आणि तुम्ही बाहेर पडणे म्हणजे वेदना, एवढेच तो शिकतो. शिवाय प्राण्याला विनाकारण वेदना देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे.

आधी तो केव्हा आणि कसा रडतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. घरातला एखादा जुना मोबाइल दाराकडे रोखून ठेवा, चित्रीकरण सुरू करा आणि नेहमीसारखे निघून जा. दार बंद झाल्यापासून अर्ध्या तासाच्या आत तो दार ते खिडकी अशा येरझाऱ्या घालू लागला, ओठ चाटत राहिला, त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली, त्याने दाराची चौकट ओरबाडली, समोर ठेवलेल्या आवडत्या खाऊलाही तोंड लावले नाही आणि मग मान वर करून हेल काढला, तर ही एकटेपणाची भीती आहे असे समजावे. उलट तो दोन तास शांत झोपला, मग उठून कंटाळल्यासारखा चपला चावू लागला आणि खालून एखादी रुग्णवाहिका गेल्यावरच ओरडला, तर त्याला व्यायाम आणि डोक्याला काम हवे आहे. सकाळी पुरेसे लांब फिरवणे आणि हुंगून शोधायला लावणारा खाऊ दडवून ठेवणे, एवढ्यानेही अशा कुत्र्यात बराच फरक पडतो.

भीती असेल तर रागावून ती जाणार नाही. सकाळी केलेल्या गोष्टीचा संबंध संध्याकाळच्या ओरड्याशी जोडणे कुत्र्याला जमत नाही. त्याच्या लेखी कृती आणि तिचे फळ यांत फार तर दोन-तीन सेकंदांचे अंतर चालते. तुम्ही आल्यावर तो कान पाडून अंग चोरतो, तेव्हा त्याला चूक कळली असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो तुमच्या चढलेल्या आवाजाला घाबरलेला असतो. उद्या तुमच्या परत येण्याचीही धास्ती त्याच्या मनात बसेल.

खरा उपाय संथ आहे, पण तो लागू पडतो. किल्ल्यांचा आवाज झाला, बूट घातले, पिशवी खांद्याला लावली की त्याची घालमेल सुरू होते. म्हणून दिवसातून अनेकदा किल्ल्या उचला, बूट घाला आणि कुठेही न जाता बसून राहा. या खुणांचा धाक गेला की दाराबाहेर फक्त काही सेकंद थांबून आत या. तो घाबरायच्या आत परत येणे हे या सगळ्याचे मर्म आहे. सेकंदांची मिनिटे हळूहळू होऊ द्या, आणि एखाद्या दिवशी तो अस्वस्थ झाला तर वेळ पुन्हा कमी करा. पहिला अर्धा-पाऊण तास सर्वांत अवघड असतो. तो निभावला की पुढची वाढ सहसा लवकर होते. या काळात त्याला पूर्ण दिवस एकटे ठेवल्यास केलेली मेहनत पाण्यात जाते, तेव्हा दोघांच्या कामाच्या वेळा आलटून पालटून घ्या, घरी कुणी नातेवाईक येऊन राहू शकतात का ते पाहा किंवा दिवसभर कुत्री सांभाळणाऱ्या विश्वासू ठिकाणी त्याला सोडा. त्रास तीव्र असेल तर पशुवैद्य चिंता कमी करणारी गोळी देतात. तिचा परिणाम दिसायला काही आठवडे लागू शकतात आणि तिच्या जोडीला वरचा सराव चालूच ठेवावा लागतो.

सोसायटीला हे सारे लेखी कळवा. उपचार चालू आहेत हे समजले की शेजाऱ्यांचा सूर पुष्कळदा मवाळ होतो. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. पण शेजाऱ्यांच्या झोपेची जबाबदारी त्यामुळे आपल्यावरून उतरत नाही.

प्रश्न : आमच्या गल्लीतली कुत्री रात्री एका सुरात रडतात. सासूबाईंना ते अशुभ वाटते आणि त्या झोपत नाहीत. आमची पॉमेरेनियनसुद्धा आरतीच्या वेळी शंख वाजला की मान वर करून सूर लावते. तिचे कान दुखत असतील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कुत्र्याचा पूर्वज लांडगा. पुणे, सोलापूर, अहिल्यानगरच्या माळरानांवर तो आजही आहे. कळपापासून दुरावलेला लांडगा हेल काढतो आणि बाकीचे त्याला उत्तर देतात. भुंकण्यापेक्षा हा लांबवलेला सूर कितीतरी दूर, काही किलोमीटरपर्यंत पोहोचतो. गल्लीतले एक कुत्रे रडले की पलीकडच्या आळीतून उत्तर येते, त्यामागे हेच आहे. 2023 साली बुडापेस्टच्या संशोधकांनी पाळीव कुत्र्यांना लांडग्यांच्या आरोळ्या ऐकवल्या, तेव्हा लांडग्याला अधिक जवळच्या जातींच्या प्रौढ कुत्र्यांनी जास्त लांब हेल काढून उत्तर दिले.

शंख, रुग्णवाहिकेचा भोंगा किंवा सनईचा लांब स्वर या हाकेसारखाच ताणलेला असतो, म्हणून तुमची पॉमेरेनियन त्याला साद देते. कुत्र्याला सुमारे 45,000 हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात आणि आपली मर्यादा 20,000 च्या आसपास संपते, त्यामुळे कान दुखत असतील ही शंका रास्त आहे. तिचे अंग पाहा. सूर लावून झाल्यावर ती शेपूट हलवत प्रसादाकडे येत असेल तर काळजी नको. ती शेपूट पायांत घालत असेल, थरथरत असेल किंवा पलंगाखाली शिरत असेल, तर आरतीच्या वेळी तिला दूरच्या खोलीत ठेवा.

सासूबाईंची भीती हसण्यावारी नेऊ नका. पूर्वी घरात कुणी अत्यवस्थ असले की माणसे रात्रभर जागी असत, त्यामुळे कुत्र्याचे रडणे नेमके त्या रात्री कानावर पडे आणि मनात घर करून राही. इतर असंख्य रात्रींचे रडणे झोपेत विरून जाई. पावसाळ्याच्या अखेरीस, भाद्रपदाच्या सुमारास, भटक्या कुत्र्यांचा माजाचा हंगाम असतो आणि तेव्हा हा गोंगाट वाढतो, हेही त्यांना समजावून सांगा. दगड मारून तो थांबत नाही. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थेची जबाबदारी आहे, तेव्हा गल्लीतल्या लोकांनी मिळून नगरपालिकेकडे लेखी अर्ज करावा.

एक इशारा मात्र गंभीरपणे घ्या. एखाद्या कुत्र्याचा आवाज अचानक घोगरा, विचित्र झाला, जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली आणि ते पाणीही गिळू शकत नसेल, तर तो रेबीज असू शकतो. घशात हाड अडकले असेल असे समजून त्याच्या तोंडात हात घालू नका. मुलांना दूर ठेवा आणि पालिकेला कळवा. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी लस सुरू करा.

प्रश्न : आमची तेरा वर्षांची कुत्री मध्यरात्री उठून कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून रडते. हे वयामुळे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वयामुळे असू शकते, पण तेवढ्यावर सोडून देऊ नका. म्हातारपणी कुत्र्यांनाही स्मृतिभ्रंशासारखा विकार होतो. दिवस-रात्र उलटतात आणि ओळखीच्या घरातही वाट चुकते. ऐकू येईनासे होणे, अंधूक दिसणे आणि सांधेदुखी यांमुळेही असे रडणे सुरू होते. म्हणून आधी पशुवैद्यांकडून रक्तदाब, रक्त, डोळे आणि सांधे तपासून घ्या. रात्री तिच्या अंथरुणाजवळ मंद दिवा ठेवा, फरशीवर न घसरणारी सतरंजी टाका, घरातले सामान हलवू नका आणि झोपण्यापूर्वी तिला शू करवून आणा. रडू लागली तर जवळ जाऊन हळूच पाठीवर हात ठेवा आणि तिला अंथरुणापर्यंत घेऊन या. दुखत असेल म्हणून घरातली आयबुप्रोफेनची गोळी तिला देऊ नका. ती कुत्र्यांना विषासमान आहे.