ॲरिझोना ट्रेलवर एकट्याने चालण्याची तयारी बडोद्यात राहून करता येईल का?

होय, अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातून जाणाऱ्या सुमारे 1,300 किलोमीटरच्या या पायवाटेची तयारी बडोद्यात राहूनही करता येते. मात्र चालण्याच्या सरावापेक्षा पाण्याच्या नियोजनाकडे आपण अधिक लक्ष द्यावे. उन्हात दिवसाला पाच-सहा लिटर पाणी सहज लागते, लिटरभर पाण्याचे वजन एक किलो भरते आणि दोन पाणवठ्यांमधले अंतर काही ठिकाणी 30 किलोमीटरांहून अधिक असते. म्हणून पाठीवर तेवढे ओझे घेऊन पावागड चढण्याचा सराव करावा. आपल्याकडच्या दमट हवेत घाम अंगावर दिसतो, तर वाळवंटातील कोरड्या हवेत तो लगेच उडून जातो आणि शरीरातले पाणी किती घटले हे कळतही नाही. नुसतेच पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते, त्यामुळे सोबत ओआरएस आणि खारे शेंगदाणे हवेतच. मेक्सिकोच्या सीमेवरून उत्तरेकडे निघण्यास मार्च महिना योग्य. एकट्या प्रवाशासाठी उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे उपकरण मी अत्यावश्यक मानतो. परंतु भारतात ते परवान्याशिवाय बाळगणे बेकायदा असल्याने अमेरिकेत पोहोचल्यावर भाड्याने घ्यावे आणि निघण्यापूर्वी तेथेच परत करावे.