जाड पुस्तकातून किंवा रिपोर्टमधून हवी तेवढीच माहिती पटकन कशी शोधायची?
अख्खं वाचायचंच नाही, हे आधी डोक्यात घ्या. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत मी दोन वर्षं काढली, तिथे निम्मी पोरं आर्थिक पाहणी (सरकारचा दरवर्षीचा अर्थव्यवस्थेवरचा जाड अहवाल) पहिल्या पानापासून हायलायटरने रंगवत बसायची आणि प्रश्न आला की परत पानं चाळायची.

काय हवंय आणि ते पानावर कसं दिसेल ते ठरवा. समजा पानशेत धरण कधी फुटलं ते हवंय, तर उत्तर आकड्यातच असणार ना, मग ओळी वाचू नका, पानाच्या मधोमध बोट सरळ खाली न्या आणि नजर फक्त 'पानशेत' आणि आकड्यांवर ठेवा, '१२ जुलै १९६१' आपोआप डोळ्यात भरतं. मराठीत एक गोची आहे, इंग्रजीत नावाला कॅपिटल अक्षर असतं म्हणून ते उठून दिसतं, आपल्याकडे तसं नाही, शिवाय 'पानशेतच्या', 'पानशेतला' असे प्रत्यय लागतात, म्हणून शब्दाची सुरुवात बघायची.

पुस्तकामागे सूची (कुठला शब्द कुठल्या पानावर आहे त्याची यादी) असेल तर अर्धं काम झालं (मराठी पुस्तकांत बऱ्याचदा नसते, ते दुःख वेगळं). नसेल तर अनुक्रमणिका, मग परिच्छेदांच्या फक्त पहिल्या ओळी.

पीडीएफ असेल तर कंट्रोल एफ, पण आकडे मराठी आणि इंग्रजी दोन्हीत टाकून बघा. नुसती स्कॅन कॉपी असेल तर आधी ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं शोधता येतील अशा मजकुरात बदलणं, करावं लागतं.

सापडलं की मात्र वरखालची दोन वाक्यं सावकाश वाचा, मी एकदा टेस्टमध्ये घाईघाईत 'वगळता' हा शब्दच गाळला आणि दोन मार्क घालवले.