मका बुरशीचा, माज चुकलेला

प्रश्न : डॉक्टर, माझ्या डुकरिणी माजावर येत नाहीत, काही उलटतात, म्हणजे भरवूनही पुन्हा माजावर येतात. लहान माद्यांचा योनीमार्ग सुजलाय. मक्याला थोडी गुलाबी बुरशी होती, ती झटकून, मका भाजून खाऊ घातला. मग काय चुकलं?

उत्तर : भाजून बुरशी मरते हो, तिने आधीच सोडलेलं विष मरत नाही! लक्षणांवरून माझा संशय झिअरालेनोनवर आहे. फ्युजेरियम बुरशीचं हे विष शरीरात इस्ट्रोजेनचं, म्हणजे मादीच्या संप्रेरकाचं, सोंग घेतं. लहान मादीत खोट्या माजासारखी सूज येते, मोठी गाभण नसताना गाभण असल्यासारखी वागते. डुकरांत ते अधिक तीव्र रूपात बदलतं, म्हणून सर्वांत जास्त फटका त्यांनाच.

उलटण्यामागे अंडपेशीतला बिघाडही असू शकतो. अंडपेशी पक्व होताना तिच्यातली गुणसूत्रं बारीक तंतूंच्या चातीवर रांगेत लागतात आणि निम्मी बाहेर पडतात. प्रयोगशाळेत डुकरांच्या अंडपेशींना हे विष दिलं की चाती वेडीवाकडी होते, पेशी अर्ध्यातच अडते. डीऑक्सिनिव्हॅलेनॉल हे त्याच बुरशीचं दुसरं विषही हेच करतं. गाईचं रवंथाचं पोट या दुसऱ्या विषाचा बराचसा भाग निकामी करतं. डुकराला ती सोय नाही.

तो मका आजच बंद करा. नमुना पोत्यात चार-पाच ठिकाणी हात घालून घ्या, वरची मूठ नको, आणि तपासायला पाठवा. विष शोषणारी माती विकायला कुणी आलं तर सांभाळून: ती अफ्लाटॉक्सिन हे वेगळ्या बुरशीचं विष चांगलं धरते, झिअरालेनोन फारसं नाही. पुढचा मका १३ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवूनच भरा. आणि जवळच्या पशुवैद्याकडून गर्भपाताचे संसर्गही तपासून घ्या, सगळं खापर मक्यावर नको.