टेल्स फ्रॉम द क्रिप्टचा नंबर 1 चाळीस डॉलरला मिळतोय, घेऊ का?

प्रश्न वाचून माझीच पंधरा वर्षांपूर्वीची अवस्था आठवली. तुम्ही लिहिलंय की जुनी टीव्ही सिरीज बघून मूळ कॉमिकचं वेड लागलं, ऑनलाइन कोणीतरी ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ नंबर 1 चाळीस डॉलरला विकतोय, घ्यावा का, आणि पुढेमागे त्याचे पैसे होतील का. तर नका घेऊ, कारण मूळ मालिकेत नंबर 1 निघालाच नव्हता.

म्हणजे कसंय, ही कॉमिक्स काढायची न्यूयॉर्कची ईसी नावाची कंपनी. मालक मॅक्स गेन्स 1947 मध्ये बोटीच्या अपघातात गेला आणि पोरगा बिल, ज्याला खरंतर केमिस्ट्रीचा मास्तर व्हायचं होतं, त्याच्या गळ्यात हा तोट्यातला धंदा पडला. त्याने आणि त्याचा लेखक-संपादक अल फेल्डस्टीनने 1950 मध्ये तीन हॉरर कॉमिक्स सुरू केली, दर दोन महिन्यांनी एक अंक, किंमत 10 सेंट. आता नवीन नावाने अंक काढायचा म्हणजे सवलतीच्या टपाल दरासाठी पोस्टाकडे परत पैसे भरा, मग यांनी काय केलं, जुन्या गुन्हेगारी आणि काउबॉयच्या कॉमिक्सची नावं बदलली आणि नंबर तसेच पुढे रेटले. म्हणून ‘व्हॉल्ट ऑफ हॉरर’ सुरू होतं 12 पासून, ‘क्रिप्ट ऑफ टेरर’ 17 पासून आणि तीन अंकांनी, 20 पासून, त्याचं ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ झालं. ‘हॉन्ट ऑफ फिअर’ची तर वेगळीच गंमत, 15, 16, 17 काढले, मग गाडी उलटी फिरून एकदम 4 वर आली आणि पुढे चालत राहिली, त्यामुळे 15, 16, 17 हे नंबर दोन-दोनदा आहेत. मी पहिल्या वर्षी यातच फसलो होतो, 1950 चा 15 समजून 1952 चा 15 घेऊन आलो. वाईट सौदा नव्हता, पण तोंड पडायचं ते पडलंच.

तुम्हाला दिसतोय तो नंबर 1 बहुधा नव्वदच्या दशकातली रिप्रिंट आहे. कव्हर सेम टू सेम असतं, म्हणून कव्हरवर छापलेली किंमत बघायची, 10 सेंट नसेल तर विषय संपला. मग आतल्या पहिल्या पानाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात प्रकाशकाचं नाव आणि साल असतं, त्याचा फोटो मागायचा. रिप्रिंट वाचायला झकास आहेत हं, माझ्याकडे ढीगभर आहेत, पण त्यांना चाळीस डॉलर फार झाले.

आता ही कॉमिक्स एवढी महाग का? छापली कमी म्हणून नाही, लाखांनी खपत होती. पण एक तर ती पोरांनी वाचून वाचून फाडली, आणि दुसरं म्हणजे मोठी माणसं हात धुऊन मागे लागली. 1948 मध्येच न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात शाळेतल्या मुलांकडून कॉमिक्स गोळा करून होळी केली होती, आणि अशा होळ्या आणखीही ठिकाणी झाल्या. मग 1954 मध्ये फ्रेडरिक वर्थम नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाचं पुस्तक आलं की पोरं बिघडतात ती यांच्यामुळे, आणि त्याच एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला सिनेटच्या उपसमितीची सुनावणी झाली. बिल गेन्स स्वतःहून साक्षीला गेला. सिनेटर केफॉव्हरने ईसीच्याच ‘क्राइम सस्पेन्स्टोरीज’ नंबर 22 चं कव्हर दाखवलं, त्यात माणसाच्या एका हातात कुऱ्हाड आणि दुसऱ्या हातात केसांना धरलेलं बाईचं मुंडकं, आणि विचारलं, हे तुम्हाला सभ्य वाटतं का? गेन्स म्हणाला, हो, हॉरर कॉमिकच्या मानाने वाटतं, मुंडकं आणखी वर धरून मानेतून रक्त गळताना दाखवलं असतं तर असभ्य झालं असतं. अरे बाबा, वकिलाला तरी विचारायचंस! दुसऱ्या दिवशी ते पेपरात आलं, आणि वर्षाअखेर बाकीच्या प्रकाशकांनी मिळून कॉमिक्स कोड नावाची नियमावली आणली ज्यात नावात ‘हॉरर’, ‘टेरर’ चालणार नाही, व्हॅम्पायर, वेअरवुल्फ, चालती प्रेतं काही चालणार नाही. 1955 च्या सुरुवातीला टेल्स फ्रॉम द क्रिप्ट 46 व्या अंकावर बंद पडलं. या कोडच्या आधीच्या मालाला कलेक्टर लोक ‘प्री-कोड’ म्हणतात, हा शब्द दिसला की किंमत वाढलीच म्हणून समजा.

पैशाबद्दल माझं मत रोखठोक आहे, गुंतवणूक म्हणून घ्यायचं असेल तर फंडात एसआयपी लावा. कंडिशन या एका गोष्टीवर किंमत कुठच्या कुठे जाते, आणि वरच्या कंडिशनची कॉपी आपल्यासारख्या पगारदाराच्या आवाक्यात नाही. सीजीसी नावाची कंपनी 2000 पासून 10 पैकी मार्क देऊन कॉमिक प्लास्टिकच्या डबीत सील करून देते, त्याला स्लॅब म्हणतात. निळं लेबल म्हणजे नॉर्मल, जांभळं म्हणजे रंगकाम, डागडुजी केलेली, तिथे स्वस्त दिसलं तरी समजून घ्या. मला स्वतःला स्लॅब आवडत नाही, कारण आतलं पानच उघडता येत नाही आणि ईसीचा चित्रकार ग्रॅहम इंगल्सच्या त्या लाळ गळणाऱ्या थेरड्या बघायच्या नसतील तर मग घ्यायचं कशाला? तो सही ‘घास्टली’ अशी करायचा, त्याचं एक पान हातात धरून बघा, मग सांगा.

म्हणून मी फाटकी पण पूर्ण कॉपी घेतो, आणि ‘पूर्ण’ हा शब्द फार महत्त्वाचा. एका कन्व्हेन्शनमध्ये एका विक्रेत्याकडून व्हॉल्टचा एक अंक घेतला, कव्हर छान, भाव बरा, मी खूश. घरी येऊन वाचतोय तर माणूस तळघराचं दार उघडतो आणि पुढच्या पानावर भलतीच गोष्ट चालू, कारण मधला कागद गायब. एक कागद म्हणजे चार पानं. तेव्हापासून मी कव्हर सोडून 32 पानं मोजल्याशिवाय पैसे काढत नाही. जाहिरातींची कूपनंही बघा, पोरं ती कात्रीने कापून पाठवायची आणि मागच्या बाजूची गोष्टीतली चौकट त्याबरोबर जायची. पिना गंजल्यात का, कागद पापडासारखा मोडतो का, हे पण विचारा. स्वस्तातला न्यूजप्रिंट होता, आतल्या आम्लाने तो आपोआप तपकिरी होत जातो. बाकी घडी, डाग, पेन्सिलने लिहिलेलं नाव, याचं मला काही वाटत नाही. माझ्या एका कॉपीच्या मागे कुणा पोराने भागाकार केलेत, तेही चुकीचे.

बजेट कमी असेल तर सरळ सत्तरच्या दशकात या. 1971 मध्ये कोड सैल झाला आणि मार्व्हल, डीसी दोघांनीही भुतं परत आणली. ‘टूम ऑफ ड्रॅक्युला’ घ्या, फक्त नंबर 10 सोडून, त्यात व्हॅम्पायर मारणारा ब्लेड पहिल्यांदा येतो म्हणून भाव चढलाय. चार्ल्टन या प्रकाशकाची ‘घोस्टली टेल्स’ वगैरे तर अजूनही बऱ्यापैकी स्वस्तात मिळतात आणि त्यात स्टीव्ह डिट्को, हो तोच स्पायडरमॅनवाला. वॉरेन या प्रकाशकाचं ‘क्रीपी’ 1964 चं, ते मॅगझिनच्या आकाराचं आणि ब्लॅक अँड व्हाइट, म्हणून कोडच्या कचाट्यातून सुटलं.

तुम्ही इंडियात मागवणार असाल तर पावसाळ्याचा विचार आधी करा. मी दोन अंक इथून, अमेरिकेतल्या एडिसनहून, डोंबिवलीला नेले होते, जुलैत. आईने कसर लागेल म्हणून प्रेमाने डांबराच्या गोळ्या घातल्या, आजही ते अंक उघडले की लग्नातल्या शालूचा वास येतो. मायलर नावाच्या खास प्लास्टिकची पिशवी, मागे ॲसिड-फ्री पुठ्ठा, बाहेर सिलिका जेल आणि कोरडं कपाट, माळ्यावर अजिबात नाही. स्टेशनरीच्या दुकानातली साधी प्लास्टिकची कव्हरं वापरू नका, काही वर्षांनी ती चिकट होऊन कागदालाच धरतात.

आईने कव्हर बघून आधी घरात असलं नको म्हटलं होतं, मग दुपारी चष्मा लावून बसली आणि संध्याकाळी म्हणाली, हा म्हातारा आपल्या वेताळासारखाच आहे की, गोष्ट सांगतो आणि वर खिजवतो. चांदोबा वाचलेल्या माणसाला क्रिप्टकीपर, म्हणजे या गोष्टी सांगणारा तो म्हातारा, समजावून सांगावा लागत नाही.

असो. त्या नंबर 1 वाल्याला नाही म्हणा, आणि तेवढ्याच चाळीस डॉलरमध्ये कोणी मळकं घोस्टली टेल्स पाच-सहाच्या गठ्ठ्यात देतंय का बघा. मधल्या पानाचा फोटो मागायला लाजू नका, आला की मला दाखवा.