नव्या जन्माची तारीख विचारली तर काय सांगायचं?

ताई, सलाम. तुमचं लिहिणं काल रात्री वाचलं आणि झोप लागली नाही, म्हणून पहाटेच लिहायला बसलो. तुमचा जन्म ख्रिस्ती घरातला, तीन महिन्यांच्या असताना बाप्तिस्मा झाला, पुढे दृढीकरण झालं (मोठेपणी विश्वास स्वतःच्या तोंडाने कबूल करण्याचा विधी), कोयरमध्ये गाता. आणि आता ज्या प्रार्थना गटात जाता तिथे 'तुमचा नवा जन्म', म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवून आतून नवं होणं, 'कोणत्या तारखेला झाला?' असं विचारतात. तुम्हाला सांगता येत नाही. एकीने तर 'तारीख नाही म्हणजे जन्मच नाही' असं तोंडावर ऐकवलं. येत्या रविवारी साक्षीला, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, उभं राहायचंय.

मी पाळक नाही, सेमिनरीत शिकलेलो नाही. चूक असेल तिथे जाणत्यांनी दुरुस्त करावं. पण या एका बाबतीत मी नऊ वर्षं पोळलोय, म्हणून थोडं हक्काने बोलतो.

कॉलेजात असताना एका तरुण शिबिराला गेलो होतो. शेवटच्या रात्री सगळ्यांना गुलाबी कागदावर छापलेला फॉर्म दिला. नाव, मंडळी, पत्ता, आणि खाली रकाना : नव्या जन्माची तारीख. माझ्या डाव्या-उजव्या बाजूची मुलं भराभर लिहीत होती. मी पेनाचं टोपण काढत होतो, लावत होतो. गटप्रमुख मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "रिकामं ठेवू नकोस, रिकामं ठेवलंस तर तुझं नाव दुसऱ्या यादीत जाईल." मी त्या दिवशीची तारीख लिहिली. त्या दिवशी माझ्या मनात काहीही घडलेलं नव्हतं. थंडी होती, पाय गारठले होते आणि मला घरी जायचं होतं, एवढंच आठवतं.

फॉर्म भरण्यापुरतं असतं तर निभावलं असतं. पण तारीख लिहिली की तिच्याभोवती गोष्ट लागते. पुढच्याच महिन्यात आमच्या मंडळीत साक्ष द्यायला लावली. 'आधी मी कसा होतो' हे सांगितल्याशिवाय 'नंतर कसा झालो' हे उठून दिसत नाही, म्हणून मी वाईट संगत सांगितली, दारू सांगितली. मी दारूला कधी शिवलोही नव्हतो. आई तिसऱ्या बाकावर बसली होती, मांडीवर गीतांचं पुस्तक उघडं. तिने मान खाली घातली आणि उपासना संपेपर्यंत वर केली नाही. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "कधी प्यायलास रे?" मला उत्तर देता आलं नाही.

ताई, मला सगळ्यात महाग पडलं ते हे. खोटी तारीख सांभाळताना खरी प्रार्थना बंद पडते. गुडघे टेकले की पहिल्यांदा तो गुलाबी कागद समोर यायचा. देवाशी बोलायचं तर आधी तिथून सुरुवात करावी लागणार, आणि ती करायची नव्हती, म्हणून बोलणंच टाळायचो. वर लोक शाबासकी देत होते, जागोजागी साक्षीला बोलावत होते. त्या गटाबद्दल आजही राग येतो, लपवत नाही. वीस वर्षांच्या मुलाला दोन याद्यांची भीती घालून देवाच्या राज्याची नोंदणी करायची नसते.

योहानाच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय तुम्हाला पाठ असणार, म्हणून पूर्ण सांगत बसत नाही : निकदेम नावाचा परूशी, म्हणजे यहुदी नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला पुढारी, रात्री येशूकडे येतो आणि येशू त्याला म्हणतो, नव्याने जन्मल्याशिवाय देवाचं राज्य दिसत नाही. पण दोन गोष्टी शिबिरात कुणी सांगत नाही. आपल्या बायबलात 'नव्याने' आहे तिथला मूळ ग्रीक शब्द 'अनोथेन'. त्याचा अर्थ 'पुन्हा' असा होतो आणि 'वरून' असाही. निकदेमाने 'पुन्हा' ऐकलं, म्हणून तो आईच्या उदराची गोष्ट काढतो. त्याच अध्यायात पुढे 'जो वरून येतो' असं आहे तिथेही हाच शब्द आहे. म्हणजे प्रश्न किती वाजता जन्मलास हा नाही, कुठून जन्मलास हा आहे. दुसरी गोष्ट वाऱ्याची. ग्रीकमध्ये वारा आणि आत्मा यांना एकच शब्द, 'न्यूमा'. तो कुठून येतो, कुठे जातो ते तुला कळत नाही, असं प्रभू स्वतः म्हणतो. मग कळत नाही म्हणणारी तुम्ही चुकलात कुठे?

आणि खुद्द निकदेमाचं बघा. रात्री आला, प्रश्न विचारले, आणि पुढे त्या अध्यायात त्याचं नावच येत नाही. सातव्या अध्यायात तो परूश्यांसमोर एक वाक्य बोलतो, की माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का. एकोणिसाव्यात उघडपणे गंधरस आणि अगरू ही सुगंधी द्रव्यं घेऊन येतो, शंभर रोमन रत्तल, म्हणजे आजच्या हिशेबाने तीस किलोंच्या वर, आणि वधस्तंभावरून उतरवलेल्या येशूच्या देहाला गुंडाळायला हात लावतो. त्याचा नवा जन्म या तिन्हींपैकी कधी झाला? योहानाने लिहिलेलं नाही.

तारीख असणारी माणसं असतात, हे नाकारत नाही. पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर ख्रिस्त भेटला आणि तो एका दिवसात पालटला. मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी तर 24 मे 1738 ची संध्याकाळ, पावणेनऊच्या सुमाराची वेळसुद्धा लिहून ठेवली. पण आपल्याच पंडिता रमाबाई घ्या. बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. त्यांनी पुढे स्वतः लिहिलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्याला आणखी आठ वर्षं लागली. 1905 मध्ये केडगावला त्यांच्याच मुक्ती मिशनमध्ये मुलींना पश्चात्तापाने रडू आवरेना, तेही खरंच घडलं. पण आजचे गट त्या आध्यात्मिक जागृतीचा साचा करून प्रत्येकाला त्यात बसवू बघतात.

मतभेद आहेत तेही सांगतो. कॅथलिक मंडळी म्हणेल की नवा जन्म बाप्तिस्म्याच्या पाण्यातच झाला, बायबलातल्या तीताच्या पत्रात 'नव्या जन्माचे स्नान' म्हटलंच आहे. बाप्टिस्ट आणि पेंटेकॉस्टल लोक विश्वास आधी, पाणी नंतर म्हणतील. हा वाद इथे मिटणार नाही. मात्र गट म्हणतो म्हणून घाईने दुसरा बाप्तिस्मा घेऊ नका. आई-वडिलांशी, तुमच्या पाळकांशी बोला, वर्षभर थांबा.

जाता जाता : हिंदू मैत्रिणींना सांगताना 'पुनर्जन्म' हा शब्द वापरू नका. पुनर्जन्मातून सुटायचं असतं, तो मेल्यावर मिळतो, मागच्या कर्माने. हा जन्म जिवंतपणी, याच देहात, देवाकडे मागितल्यावर मिळतो.

मी कसा सुटलो ते सांगतो. संडे स्कूलच्या वर्गात बारा वर्षांच्या एका मुलाने वही पुढे केली आणि विचारलं, "सर, मी कोणती तारीख लिहू?" दुसऱ्या कुठल्या तरी गटाने त्यालाही तेच विचारलं होतं. माझा हात थरथरला. त्याला म्हटलं, रिकामी ठेव. त्याच संध्याकाळी आमच्या म्हाताऱ्या पाळकांकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझी जन्मतारीख एक जून आहे. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिली. आई सांगायची, तू सुगीत झालास." आपल्याकडच्या कितीतरी आजी-आजोबांची तारीख एक जूनच असते. गुरुजींना रकाना भरायचा होता.

घरी आलो तेव्हा आई तांदूळ निवडत होती. दारूचं खोटं होतं, म्हटलं. ती म्हणाली, "ठाऊक होतं." आणि सूप माझ्याकडे सरकवलं.

मग खूण कोणती, असं विचाराल. योहानाच्या पहिल्या पत्रात आहे : आपण मरणातून जीवनात आलो हे आपल्याला कळतं, कारण आपण बंधूंवर प्रेम करतो. भावाशी माझं वाटणीवरून चार वर्षं बोलणं बंद होतं. तो राग कोणत्या दिवशी गेला, सांगता येत नाही. नाताळच्या आदल्या संध्याकाळी करंज्यांचा डबा घेऊन त्याच्या दारात उभा होतो, तेव्हा लक्षात आलं की तो उरलेला नाही. त्याने दार उघडलं, डबा घेतला, आत ये म्हणाला. आता साक्ष मागितली तर मी एवढंच सांगतो, तारखेशिवाय.

रविवारी तुम्हीही जे खरोखर घडलं तेवढंच सांगा, दोन वाक्यं झाली तरी चालतील. तारीख विचारली तर 'माहीत नाही' म्हणा आणि खाली बसा. त्यावरून गटातून काढलं, तर इथे कळवा. तुमच्या भागात अशी घाई न करणाऱ्या एक-दोन मंडळ्या मला माहीत आहेत, खासगी निरोपात पत्ते देतो.