नोकरीचं काय झालं? वाचकांचे प्रश्न

या खेपेला प्रश्न भरपूर आलेत, त्यातले पाच घेतलेत. मी साताऱ्याच्या एमआयडीसीत पर्सोनेलला (आता ज्याला एचआर म्हणतात, भरतीचं खातं) 22 वर्षं काढली, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून, त्यामुळं सांगतोय ते तिथलंच आहे, पुस्तकातलं नाही.

सर, मी कोरेगाव तालुक्यातला. मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, 68 टक्के, नंतर एक वर्ष सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या) शॉपला अप्रेंटिस केली. सातारा, शिरवळ, चाकण, रांजणगाव मिळून 11 इंटरव्ह्यू दिले. सगळीकडं "कळवतो" म्हणतात आणि कळवत कोणच नाही. इंग्लिशमुळं अडतंय वाटतं. स्पोकनचा क्लास 8 हजार सांगतोय, लावू का?

थांब जरा, 8 हजार खिशातच ठेव. तू सोबत जे लिहून पाठवलंयस ना, "माय सेल्फ अमुक, आय अ‍ॅम हार्डवर्किंग, माय हॉबी इज लिसनिंग म्युझिक", ते मी नोकरीत असताना इतक्यांदा ऐकलंय की पोरानं "माय" म्हटलं की पुढचं मला पाठ असायचं. त्यात इंग्लिशची चूक कोण काढत बसत नाही रे, त्यात तूच कुठं दिसत नाहीस ही खरी अडचण आहे.

एक किस्सा सांगतो. आम्ही टेबलावर एक टर्निंग केलेला शाफ्टचा तुकडा, म्हणजे लेथवर घडवलेला गोल दांडा, आणि व्हर्नियर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, ठेवायचो आणि म्हणायचो, हा माप. एकदा एक पोरगा आला, इंग्लिश फाडफाड, त्यानं जॉब (आमच्याकडं त्या तुकड्यालाच जॉब म्हणतात) उचलला, व्हर्नियर तिरका लावला आणि "ट्वेंटी फोर पॉइंट समथिंग सर" म्हणून मोकळा. त्याच्यानंतरचा खटाव तालुक्यातला होता, घामाघूम झालेला, तोंडातून शब्द फुटेना. पण त्यानं आधी रुमालानं व्हर्नियरचे जबडे पुसले, मिटवून शून्य जुळतोय का बघितलं, मग जॉब पुसला, दोन जागी माप घेतलं आणि मराठीतच म्हणाला, "सर, 24.96, आणि इकडच्या टोकाला 24.98, जरा टेपर वाटतोय." आमच्या प्रॉडक्शनवाल्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही, डायरेक्ट विचारलं कधी येतोस. (टेपर म्हणजे एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक.) (व्हर्नियरचा लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सगळ्यात छोटं माप, 0.02 मिमी आणि मायक्रोमीटरचा 0.01, हे मात्र झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. डिप्लोमावाले इथंच गडबडतात.)

तू लिहिलंयस की "अप्रेंटिसला फक्त जॉब लोड-अनलोड केले, त्यात सांगण्यासारखं काय". बाबा, तेच सांगायचंय! पार्ट कुठला होता, शिफ्टला किती निघायचे, ओडीचा (बाहेरच्या व्यासाचा) टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, किती होता, दर किती पीसनंतर माप घ्यायचास. इन्सर्ट (कापणारं टोक) झिजत गेला की ओडी वाढत जातो, मग तू ऑपरेटरला हाक मारायचास की एक्सचा ऑफसेट (मशीनमधली व्यासाची दुरुस्ती) स्वतः मायनसमध्ये टाकायचास? एखाद्या दिवशी रिजेक्शन झालं असेल तर किती पीस गेले आणि ते का गेले? ही सगळी माहिती तुझ्या डोक्यात आहे, फक्त तुला ती माहिती वाटत नाही. वहीत मराठीत एक पान लिही, मोठ्यानं म्हण, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐक, आणि ते नीट जमलं की त्यातली 5-6 वाक्यं सोप्या इंग्लिशमध्ये कर. क्लास त्यानंतरही वाटलाच तर लाव.

येत नाही तिथं "नाही येत सर, मशीनवर बघितलंय पण केलं नाही" एवढं म्हण आणि गप बस. थाप मारलीस तर पुढचा प्रश्न त्याच थापेवर येतो, हा आमचा ठरलेला खेळ असायचा.

आणि रिझ्युमवरचा तो कास पठारावरचा गॉगलवाला फोटो काढ. फाईलचं नाव पण "न्यू फायनल 3" आहे, तिथं स्वतःचं नाव आणि ट्रेड टाक, तिकडं दिवसाला ढिगानं फायली येतात.

आमदार साहेबांची चिठ्ठी मिळू शकते, चालते का? — वाई

गेटपर्यंत चालते. आत मशीनवाला त्या चिठ्ठीकडं कशाला बघतोय. खरं सांगायचं तर चिठ्ठी घेऊन आलेल्या पोराला आम्ही चहा पाजायचो आणि फाईल सगळ्यात खाली सरकवायचो, कारण उद्या त्याला कामावरून काढायची वेळ आली तर फोन येणार हे माहीत असायचं. कंत्राटी लेबरमध्ये काही ठिकाणी चालत असेल, नाही म्हणत नाही. त्यापेक्षा तुमच्या कॉलेजचा दोन वर्षं सीनियर कुठं लागलाय ते बघा, जागा निघाली की पहिल्यांदा त्याला कळतं, आणि त्यानं "पोरगं बरंय" म्हटलेलं एचआरला जास्त पटतं.

मी सांगलीत राहते. बी.कॉम. आहे, लग्नाआधी आणि नंतर मिळून पाच वर्षं मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात अकाउंट बघत होते. 2016 ला मुलगी झाली, मग सासूबाईंचं आजारपण, नोकरी सुटली. आता मुलगी मोठी झालीय. तीन ठिकाणी गेले, तिन्हीकडं "एवढा गॅप का" यावरच गाडी अडली, एका ठिकाणी तर डोळ्यांत पाणी आलं. काय उत्तर देऊ?

ताई, डोळ्यांत पाणी आलं त्यात लाज काही नाही, पण उत्तर दोनच वाक्यांचं ठेवा. "घरी लहान मूल आणि आजारपण होतं म्हणून थांबले होते, आता ती जबाबदारी नाहीये आणि मी पूर्णवेळ येऊ शकते." संपलं. तुम्ही त्याचं स्पष्टीकरण देत बसलात की समोरचा उकरत बसतो. आणि लगेच गाडी कामावर न्या, कारण त्याच्या मनातली खरी शंका गॅपची नसतेच, ह्यांना आताचं काम येतंय का ही असते. आणि ती शंका खोटी नाही हो. तुम्ही सोडलं तेव्हा व्हॅट होता, जीएसटी आला 1 जुलै 2017 ला, म्हणजे अख्खी करपद्धत तुमच्या माघारी बदलली.

तर महिनाभर हे करा. ओळखीच्या टॅक्स कन्सल्टंटकडं दुपारचे दोन-तीन तास बसा, पगार मागू नका, एक अख्खा महिना कसा बंद होतो ते बघा. दरमहा भरणाऱ्यांचा जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत, 3बी (कर भरायचं रिटर्न) 20 तारखेपर्यंत, आणि मध्ये खरेदीची बिलं 2बीला (पोर्टलवर दिसणाऱ्या खरेदीच्या यादीला) जुळवायची जी मारामारी चालते ना, अकाउंटंट लागतो तो तिथंच. 22 सप्टेंबर 2025 पासून 12 आणि 28 टक्क्यांचे स्लॅब बहुतेक सगळे गेले, 5 आणि 18 मुख्य राहिले, हे विचारतातच. तुमच्याच मालाचं बघा, ओली हळद करमुक्त आणि वाळलेल्या हळदीला 5 टक्के, हे तुम्ही स्वतःहून बोललात तर यार्डातला कुठलाही शेठ कान टवकारेल. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर तुम्ही जुन्या ईआरपी 9 वर काम केलंय, आता नवं प्राईम आहे, स्क्रीन वेगळी दिसते पण हिशोब तोच, चार दिवसांत हात बसतो.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहून गेलात की गल्लीतल्या बचत गटाचं रजिस्टर सहा वर्षं तुमच्याकडंच आहे. अहो, हे शेवटी कशाला लिहिता! किती बायका, महिन्याची बचत किती, बँकेचं कर्ज किती आणि हप्ता कधी चुकला का, हे आकड्यांत लिहून रिझ्युममध्ये वर घ्या. सहा वर्षं दुसऱ्यांचे पैसे सांभाळले आणि एकदाही भांडण झालं नाही, हे मला तर कुठल्याही सर्टिफिकेटपेक्षा मोठं वाटतं. सांगली-मिरजेत कुपवाड एमआयडीसी आहे, हॉस्पिटलं आहेत, तिथं बिलिंगलाही बघा, फक्त यार्डावर थांबू नका.

पुण्याच्या एका कन्सल्टन्सीचा फोन आला, सिलेक्शन झालंय, 3,500 रजिस्ट्रेशन आणि लॅपटॉपचं डिपॉझिट भरा म्हणाले. इंटरव्ह्यू फोनवरच 5 मिनिटं झाला. भरू का? — विटा

नाही. एक रुपयासुद्धा नाही. नोकरी देणारा पैसे देतो, घेत नाही. भरले असतील तर हे वाचणं सोडा आणि आधी 1930 ला फोन करा, सायबर फसवणुकीची हेल्पलाईन आहे ती, जेवढ्या लवकर कराल तेवढी पैसे पुढं जायच्या आधी अडवता यायची शक्यता जास्त.

"पॅकेज साडेअठरा हजार" सांगितलं आणि मित्राच्या हातात 14 हजार पडले, फसवलं का? आणि शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतात तेव्हा काय विचारायचं? — मिरज

फसवलं असेलच असं नाही, साडेअठरा ही सीटीसी होती, म्हणजे तुमच्यावर कंपनीचा होणारा एकूण खर्च. समजा बेसिक-डीए (मूळ पगार आणि महागाई भत्ता) 12,000 आणि ग्रॉस (सगळे भत्ते धरून, कापायच्या आधीचा पगार) 16,000 आहे. कंपनी स्वतःकडचा पीएफ बेसिक-डीएच्या 12 टक्के म्हणजे 1,440 भरते, ईएसआयचे (कामगार विम्याचे) ग्रॉसवर 3.25 टक्के म्हणजे 520, ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचे) 577 धरते, हे 16,000 मध्ये मिळवले की झाले 18,537. तुमच्या हातात येताना 16,000 मधून तुमचा पीएफ 1,440, ईएसआयचे 120 आणि प्रोफेशनल टॅक्स 200 कापून राहतात 14,240. (बायकांना 25 हजारांपर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, म्हणजे 14,440.) पीएफ तुमचाच आहे, आणि ईएसआयमध्ये घरच्यांचाही दवाखाना होतो, 21 हजार पगारापर्यंत. त्यामुळं कापलं म्हणून रडू नका, फक्त आधी विचारा.

आणि शेवटी विचारायचं म्हणाल तर "नाही सर, काही नाही" एवढं म्हणू नका बुवा. पहिले सहा महिने मला कुठल्या मशीनवर ठेवणार, शिफ्ट किती आणि रात्रपाळी आठवड्यानं बदलते का, कंपनीच्या रोलवर घेणार की कंत्राटदाराच्या, हातात नेमके किती येणार, एवढं सरळ विचारा, कोणी रागवत नाही. मिरजेहून जाणार असाल तर बस कुठल्या स्टॉपवर किती वाजता येते तेही विचारा, आणि कँटीनचे महिन्याला किती कापतात ते तर नक्कीच, मित्राचे 14,240 चे 14,000 झाले ते बहुतेक तिथंच.