ऑर्केस्ट्रात बेस ऐकूच येत नाही

प्रश्न : आमचा ऑर्केस्ट्रा गणपतीत सांगली-मिरज भागात कार्यक्रम करतो. ढोलकी, ऑक्टोपॅड आणि कीबोर्ड सुरू झाले की माझी बेस गिटार नुसती घुमते, सूर कळत नाही. आवाज बदलणारे, पायाने चालवायचे कोणते पेडल घेऊ?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : पेडलच्या आधी कीबोर्डवाल्याशी बोला. त्याचा डावा हात खर्जात बेसच वाजवत असेल, तर कितीही पैसे घाला, दोघांचा चिखलच होणार.

तो प्रश्न मिटला की पहिले पेडल इक्वलायझरचे, म्हणजे आवाजातले खालचे-वरचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारे. तुमच्या सर्वांत जाड तारेचा मोकळा सूर ४१ हर्ट्झचा. भाड्याचे बरेच स्पीकर तो धड काढत नाहीत. कानाला सूर उमगतो तो वरच्या, साधारण ४०० ते १००० हर्ट्झच्या पट्ट्यात. बॉस कंपनीच्या जीईबी-७ या इक्वलायझरवर ८०० ची पट्टी थोडी वर घ्या, ५० ची थोडी खाली. घरी एकट्याने वाजवताना हा आवाज नाकातला वाटेल आणि पट्टी खाली ओढायचा मोह होईल. ओढू नका! गर्दीत हाच आवाज वाट काढतो.

नंतर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाजाला खरखरीत धार देणारे पेडल, पण मूळ आवाज मिसळता येईल असेच. बॉसच्याच ओडीबी-३ या ओव्हरड्राइव्हवर त्यासाठी बॅलन्सचे बटण आहे. लीड गिटारचे पेडल उसने आणून लावले, तर बहुधा खर्जच उडतो. कॉम्प्रेसर, म्हणजे लहान-मोठा आवाज एका पातळीवर आणणारे पेडल, सावकाश घ्या. एका वाद्याला अनेकांचा भास देणारे कोरस तर आत्ता नकोच.

आणि साउंडवाल्याला डीआय बॉक्समधून (गिटारचा आवाज थेट मिक्सरला जोडणारी डबी) वेगळी लाइन द्या, तेही साउंड चेकच्या आधी सांगून.